असोसिएट डिग्रीतला एक जादा 'ए' : वहिनीच्या तीन वर्षांची केस

वहिनीला विचारून लिहितेय हे आधी सांगते. नाव नको म्हणाली, कॉलेजचं नावही नको, बाकी सगळं लिही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणाली. न्यू जर्सीत आपल्या ओळखीतल्या निदान पाच-सहा जणी मला दर वर्षी विचारतात की कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे इथल्या स्थानिक, कमी खर्चाच्या कॉलेजला, बिझनेसची दोन वर्षांची डिग्री करू का, त्याचा काही फायदा आहे का. फायदा आहे, खूप आहे, पण कोणती डिग्री ते पहिल्या दिवशीच बघा. ते न बघितल्यामुळे वहिनीचं काय झालं आणि मग ती त्यातून कशी बाहेर आली ते सविस्तर लिहिते.

वहिनी मूळची कराडची. वडील मार्केट यार्डात गुळाच्या आडत दुकानात दिवाणजी होते. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, बारावी कॉमर्स २००२ साली, आणि बारावीला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेतलेला. हा तपशील लक्षात ठेवा कारण पुढचं अर्धं प्रकरण त्याच्यावरच आहे. एफ.वाय. बी.कॉम. पास झाली, एस.वाय.ला असताना लग्न ठरलं, परीक्षा द्यायची राहिली ती राहिलीच. २०१० ला दादाबरोबर इकडे आली, एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर. एच-४ वर तेव्हा नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होतं, त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण तेव्हा हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी एका पगारात दोन लहान मुलं आणि फेडरल मदत शून्य, म्हणजे जमलं नसतंच. २०२२ च्या सुरुवातीला ग्रीन कार्ड हातात आलं आणि त्याच आठवड्यात वहिनी मला म्हणाली, "आता मला शिकायचंय." वय ३८.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथली असोसिएट डिग्री म्हणजे साधारण ६० क्रेडिट (क्रेडिट हे अभ्यासाचं माप, एक विषय साधारण ३ चा), फुल टाइम केली तर दोन वर्षं. बॅचलर्सला १२० लागतात, म्हणजे ही बरोबर अर्धी वाट. ही पद्धत जुनी आहे, इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ सालचं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परत आले, शिकायला लोक वाढले आणि गावोगावी अशी कॉलेजं उभी राहिली. मला यात नेहमी आपल्या कर्मवीर अण्णांची आठवण येते. १९१९ ला कराडजवळच्या काल्यात त्यांनी रयत सुरू केली, "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद", कमवा आणि शिका. ज्याला मोठ्या शहरातल्या महागड्या कॉलेजात जाता येत नाही त्याच्या दारापर्यंत शिक्षण न्यायचं, विचार तोच आहे. वहिनी स्वतः रयतच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे कम्युनिटी कॉलेज म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं असं तिच्या डोक्यात कधी आलंच नाही. आपल्या लोकांमध्ये ते येतं. मुलांच्या बाबतीत तर फारच येतं, आणि मला ते अजिबात पटत नाही.

तर ऍडमिशन. ऑगस्ट २०२२. प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पातळीपासून शिकायचं ते ठरवणारी परीक्षा, झाली, इंग्लिश बरं आलं, गणित अगदीच खाली आलं. येणारच, दहावीनंतर वीस वर्षं हात लावलेला नाही. मग सल्लागारांकडे गेली. त्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या, वहिनीशी अर्धा तास बोलल्या, पण त्यांनी समोर बसलेल्या बाईकडे बघून एक अंदाज बांधला : वय एवढं, मुलं आहेत, गणित कच्चं आहे, लवकर नोकरी हवी असणार. आणि म्हणाल्या की 'बिझनेस मॅनेजमेंट' घ्या, यात अवघड गणित नाही, 'बिझनेस मॅथ' नावाचा सोपा पेपर आहे, तेवढा केला की झालं. वहिनीला हायसं वाटलं. मी बरोबर होते, मलाही बरं वाटलं. मी स्वतः इथे पेरोलमध्ये काम करते, मला हे कळायला हवं होतं, मी प्रोग्रामचा कागद उलटून बघितला नाही. त्या कागदावर वर छोट्या अक्षरात लिहिलं होतं ए.ए.एस. शेजारच्याच कागदावर 'बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन' होतं आणि त्यावर लिहिलं होतं ए.एस.

एका 'ए'चा फरक. ए.एस. म्हणजे असोसिएट इन सायन्स. बिझनेसमध्ये सायन्स कुठून आलं असं वाटतं, पण नाव तसंच आहे, आणि ही डिग्री मुळात पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जाण्यासाठीच बनवलेली असते. ए.ए.एस. म्हणजे ॲप्लाइड सायन्स, ही थेट नोकरीसाठी. न्यू जर्सीत नियमानुसार ए.एस.मध्ये सामान्य शिक्षणाचे, म्हणजे इंग्लिश, गणित, विज्ञान, समाजशास्त्र वगैरेचे निदान ३० क्रेडिट असावे लागतात, ए.ए.एस.मध्ये २० चालतात. उरलेल्या जागी कामाचे विषय. आणि खरा मुद्दा पुढे आहे : राज्यात २००८ पासून ट्रान्सफरचा करार आहे, त्याप्रमाणे ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) किंवा ए.एस. पूर्ण करून तुम्हाला सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की तुमचे ६० च्या आसपासचे क्रेडिट अर्धी बॅचलर्स म्हणून धरावे लागतात. ए.ए.एस.ला ही हमी नाही. एकेक विषय बघून घेतील, नाहीतर नाही घेणार.

ए.ए.एस. वाईट आहे असं माझं बिलकुल म्हणणं नाही. ज्याला दोन वर्षांत ऑफिस मॅनेजर, बुककीपर, दुकानाचा मॅनेजर व्हायचंय आणि पुढे शिकायचं नाही हे नक्की आहे त्याला तीच बरोबर. प्रश्न एवढाच आहे की वहिनीला हे कुणी विचारलंच नाही, की पुढे शिकायचंय का. आणि विचारलं असतं तर ती त्या दिवशी "नाही" म्हणाली असती हेही मला माहितेय, कारण तिला स्वतःला तेव्हा बॅचलर्स वगैरे स्वप्नातही नव्हतं.

पहिल्या सेमिस्टरला तीन विषय, ९ क्रेडिट : इंग्लिश एक, इंट्रो टू बिझनेस, बिझनेस मॅथ. इंग्लिशबद्दल फार लिहीत नाही, पहिला निबंध लाल होऊन परत आला, शेवटचा कमी लाल होता, बी मिळाला. दुसऱ्या सेमिस्टरला इंग्लिश दोन, कॉम्प्युटर, आणि फायनान्शियल अकाउंटिंग.

अकाउंटिंगबद्दल मात्र सांगायलाच हवं. आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की हा विषय तिच्या डाव्या हातचा मळ असणार. दिवाणजींची मुलगी, लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून कीर्द-खतावणी बघितलेली, बारावीला बुककीपिंगमध्ये पंचाण्णव मार्क. आणि पहिल्या तीन आठवड्यांत ऑनलाइन होमवर्कमध्ये तिला शंभरपैकी पन्नास-पंचावन्न पडायला लागले. रोज रात्री मुलं झोपली की किचनच्या टेबलावर बसायची, आधी वहीत सोडवायची, लांब वही, स्वतः लाल पेनने पट्ट्या आखलेल्या, डावीकडे तारीख मग तपशील मग खाते पान मग नावे मग जमा, सगळं जुळायचं, तेरीज जुळायची, ताळेबंद जुळायचा, आणि तेच कॉम्प्युटरमध्ये भरलं की लाल फुली. एका रात्री मला फोन केला, अकरा वाजले होते, आवाज रडवेला. "अगं माझी तेरीज जुळतीये, मग हे चूक का म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. तिने भरलं होतं 'संड्री डेटर्स'. मशीनला हवं होतं 'अकाउंट्स रिसीव्हेबल', दोन्ही म्हणजे येणीच. तिने लिहिलं होतं 'टू सेल्स अकाउंट', आपल्याकडे खतावणीत टू आणि बाय लिहायची शिस्त असते, इथे कुणी लिहीत नाही. ताळेबंदात तिने देणी डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे मांडली होती, शाळेत शिकवलं तशी, इथे मालमत्ता डावीकडे. एका ठिकाणी सवयीने १,००,००० लिहिलं होतं, स्वल्पविराम दोन घरांनंतर, तेही चूक. म्हणजे हिशोबात एकही चूक नव्हती! फक्त भाषा वेगळी होती. मशीनला भाषा कळते, हिशोब कळत नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, खरंच, कारण ती पंधरा दिवस स्वतःला मठ्ठ समजत होती.

मी म्हटलं वही घेऊन सरांकडे जा. इथे प्रोफेसरांचे ऑफिस अवर्स असतात, ठरलेल्या वेळी कुणीही जाऊन विचारू शकतो, पण आपल्या बायका जात नाहीत, सरांना त्रास कशाला द्यायचा म्हणून. ती गेली. सरांना मराठी यायचा प्रश्नच नव्हता पण वहीतले आकडे आणि रकाने बघून ते दोन मिनिटांत समजले. त्यांनी मागचा होमवर्क बदलला नाही, तो नियम सगळ्यांना सारखा आहे, पण तिला एक पान दिलं ज्यावर इथल्या खात्यांची नावं होती आणि सांगितलं की तुला अकाउंटिंग येतं, आता फक्त नावं पाठ कर. वहिनीने त्या पानावर प्रत्येक नावासमोर मराठी लिहिलं. ते पान अजून फ्रीजवर आहे. धनको, ऋणको, घसारा, येणे, देणे, भांडवल. "जे येते ते नावे, जे जाते ते जमा" हे जुने नियम सोडायला लागले नाहीत, इथे समीकरणाने शिकवतात, मालमत्ता बरोबर देणी अधिक मालकाचं भांडवल, दोन्हीकडून उत्तर तेच येतं. एक गोष्ट मात्र तिला खरोखर नवीन होती, मालाच्या मूल्यांकनात शेवटी आलेला माल आधी गेला असं धरायची पद्धत, लिफो. अमेरिकेत चालते, आपल्याकडच्या अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये चालत नाही. ती म्हणाली गुळाच्या ढेपा असं कधी करतात का, जुनी ढेप आधी काढायची असते! शेवटी त्या विषयात ए मिळाला, फायनलला ९६.

आता मुख्य वळण. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दादाची नोकरी गेली. त्या वर्षी आयटीत किती लोकांचं झालं ते सगळ्यांना माहितेय. घरात एकदम शांतता. त्या शांततेत वहिनीने ठरवलं की आता पार्ट टाइम शौक म्हणून शिकून चालणार नाही, अकाउंटंट व्हायचं, बॅचलर्स करायची. नोव्हेंबरमध्ये कॉलेजच्या कॅफेटेरियात ट्रान्सफरवाले येतात, वेगवेगळ्या युनिव्हर्सिटीची टेबलं लागतात. ती एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या टेबलापाशी गेली, आपले विषय सांगितले, आणि त्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला : ए.एस. की ए.ए.एस.? वहिनी म्हणाली बिझनेस. ती म्हणाली हो, पण कोणती? वहिनीने फोनवर पोर्टल उघडलं आणि तिथे उभ्या उभ्या तिला पहिल्यांदा तो जादा 'ए' दिसला. तिसरं सेमिस्टर संपत आलेलं होतं, २७ क्रेडिट होणार होते.

त्या रात्री आम्ही दोघींनी दोन्ही प्रोग्रामचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक विषय टिक केला. इंग्लिश एक आणि दोन, इंट्रो टू बिझनेस, कॉम्प्युटर, फायनान्शियल आणि मॅनेजेरियल अकाउंटिंग, हे सहा विषय ए.एस.मध्ये बसत होते, १८ क्रेडिट. बिझनेस मॅथ, सुपरव्हिजन आणि स्मॉल बिझनेस मॅनेजमेंट, हे तीन बसत नव्हते, ९ क्रेडिट गेले. पैशात सांगायचं तर सगळी फी धरून पंधराशे ते अठराशे डॉलर आणि जवळपास एक आख्खं सेमिस्टर. ज्या बिझनेस मॅथमुळे हायसं वाटलं होतं तो तर शून्यच, कारण ए.एस.ला स्टॅटिस्टिक्स आणि बिझनेस कॅल्क्युलस लागतं आणि कॅल्क्युलसच्या आधी प्रीकॅल्क्युलस.

इथे दोन रस्ते होते. एक, ए.ए.एस. आहे तशी पूर्ण करायची, अजून ३३ क्रेडिट, लवकर डिग्री हातात येते, मग युनिव्हर्सिटी जे काय घेईल ते घेईल. दोन, आत्ताच प्रोग्राम बदलायचा, ४२ क्रेडिट बाकी, गणिताला सामोरं जायचं, पण पुढचे ६० नक्की. दादा म्हणाला पहिला, कारण घरात पगार नव्हता. मी म्हणाले दुसरा. वहिनी दोन दिवस काहीच बोलली नाही. मग तिने स्वतः हिशोब मांडला, त्याच लांब वहीत, की पहिल्या रस्त्याने गेलं तरी युनिव्हर्सिटीत गेल्यावर हेच गणित करायला लागणार आहे, फक्त तिथल्या फीने, जी कितीतरी जास्त आहे. म्हणजे गणित टळत नाही, महाग होतं. तिसऱ्या दिवशी जाऊन तिने प्रोग्राम बदलायचा फॉर्म भरला. एका पानाचा फॉर्म आहे हो, दहा मिनिटांचं काम. हेच पहिल्या दिवशी झालं असतं तर.

पैशाचं काय केलं हे नीट लिहिते कारण हे खूप कमी लोकांना माहीत असतं. ग्रीन कार्ड असलं की फॅफ्साचा, म्हणजे शिक्षणाच्या सरकारी मदतीचा, अर्ज भरता येतो, पण फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवर चालतो. २०२४-२५ साठी २०२२ चं उत्पन्न, ज्या वर्षी दादाची नोकरी व्यवस्थित होती. कागदावर आम्ही ठीकठाक, घरात पगार नाही. अशा वेळी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कायद्यानेच अधिकार आहे की परिस्थिती बदललेली असेल तर कागदपत्रं बघून आकडे बदलायचे, त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. आपणहून कुणी सांगत नाही, मागावं लागतं. वहिनीने नोकरी गेल्याचं पत्र, बेरोजगारी भत्त्याचे कागद आणि एक पानाचं निवेदन दिलं. त्या वर्षी नवीन फॅफ्साचा गोंधळ होता, फॉर्मच मुळात डिसेंबरच्या शेवटी उघडला, सगळ्यांचंच लांबलं, उन्हाळा उजाडला उत्तर यायला, पण आलं. पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची परत न करायची मदत, मिळाली. त्या वर्षी तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती, वहिनीला त्यातला काही भाग मिळाला. शिवाय न्यू जर्सीची कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट, त्या वर्षी ६५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि सेमिस्टरला निदान ६ क्रेडिट घेणाऱ्यांची, बाकी मदत वजा जाऊन उरलेली ट्यूशन आणि ठरलेली फी राज्य भरत होतं. त्याच्यावर उत्पन्न असलं तरी थोडी मदत होती, एक लाखापर्यंत, तीही पायऱ्यापायऱ्यांनी.

आणि इथे एक गोष्ट अशी निघाली की वहिनी बराच वेळ गप्प बसली. पेल ग्रँट ज्याच्याकडे आधीच बॅचलर्स आहे त्याला मिळत नाही, आणि ती डिग्री बाहेरच्या देशातली असली तरी साधारणपणे तोच नियम. राज्याच्या त्या ग्रँटलाही आधीची डिग्री नसावी लागते. म्हणजे जी अर्धवट राहिलेली बी.कॉम. तिला वीस वर्षं सलत होती, लग्नाच्या बोलाचालीत एस.वाय.ची परीक्षा बुडाली म्हणून माहेरी कधी बोलून दाखवलं नाही पण मनात होतं, तीच अर्धवट राहिली म्हणून आज मदत मिळत होती. तिच्या मैत्रिणीला, जिची बी.कॉम. पूर्ण आहे, तिला हे मिळालं नसतं. ज्यांची पूर्ण आहे त्यांनी उलट आधी डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यावं, काही क्रेडिट वाचतात का बघावं, कदाचित असोसिएटची गरजच पडणार नाही. वहिनीच्या एफ.वाय.चं मूल्यांकन आम्ही केलं नाही, ते करायला हवं होतं असं मला आता वाटतं.

आता गणित. स्प्रिंग २०२४ ला, म्हणजे जानेवारीपासूनच्या सेमिस्टरला, प्रीकॅल्क्युलस, मॅक्रो इकॉनॉमिक्स आणि सोशिऑलॉजी. सहाव्या आठवड्यात प्रीकॅल्क्युलसच्या परीक्षेत ४१. ती घाबरली, एफ आला, म्हणजे नापास झाली, तर जीपीए, म्हणजे एकूण ग्रेडची सरासरी, जाईल, आणि डब्ल्यू घेतला, म्हणजे विषय मध्येच सोडला, तर पुढची ग्रँट जाईल असं तिला कुणीतरी सांगितलं. दुसरी गोष्ट अर्धवट खरी आहे. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत, पण घेतलेल्या क्रेडिटमध्ये धरतात, आणि मदत चालू ठेवायला घेतलेल्यांपैकी साधारण ६७ टक्के पास व्हावे लागतात, आणि ६० च्या डिग्रीसाठी एकूण ९० च्या पुढे जाता येत नाही. तर तिचा हिशोब केला : तोवर घेतलेले ३६, पास झालेले ३३, म्हणजे जवळपास ९२ टक्के. काहीही धोका नव्हता. शेवटच्या तारखेच्या आत डब्ल्यू घेतला. माझं मत असं की डब्ल्यूला लाज समजू नये, पण हा भागाकार आधी करावा, नंतर नाही.

मग तीन महिने घरात गणिताची शाळा. मोठा मुलगा तेव्हा हायस्कूलला, त्याचं अल्जेब्रा टू चालू होतं. दोघं एकाच टेबलावर. तो म्हणायचा एक्स्पोनंट, ती म्हणायची हां घातांक. तो म्हणायचा फॅक्टर कर, ती म्हणायची अवयव पाड म्हण ना सरळ. दहावीचं वर्गसमीकरण तिच्या हातात अजून होतं, ते सूत्र तिने एका दमात म्हणून दाखवलं तेव्हा पोरगा बघतच राहिला. जिथे मुलाचं संपायचं तिथे कॉलेजचं ट्यूटरिंग सेंटर, फुकट असतं, आठवड्यातून तीनदा जायची. समरला परत प्रीकॅल्क्युलस, बी. समरचे पैसे घरातून घातले, दादाला तोवर कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं होतं.

फॉल २०२४ ला बिझनेस कॅल्क्युलस आणि मायक्रो इकॉनॉमिक्स एकदम आले आणि हे मला वाटतं सगळ्यात छान झालं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे तिला पुस्तकातून कळेना. मग मायक्रोच्या वर्गात मार्जिनल कॉस्ट आलं, आणि तिच्या डोक्यात बारावीचं अर्थशास्त्र जागं झालं : घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. सीमांत! अजून एक नग वाढवला तर एकूण खर्च कितीने वाढेल. तेवढंच तर विचारतायत कॅल्क्युलसमध्ये. मागणीची लवचिकता, मिठाची मागणी अलवचिक का, हे तिला मराठीत पाठ होतं, कारणांसकट. वर्गात प्रोफेसरनी अलवचिक मागणीचं उदाहरण विचारलं तेव्हा तिने मीठ सांगितलं, का तेही सांगितलं. मराठी माध्यमातून शिकल्यामुळे आपण मागे आहोत असं ती दोन वर्षं समजत होती, आणि मायक्रोत सगळ्यात जास्त मार्क तिचे. कॅल्क्युलसला बी प्लस, स्टॅटिस्टिक्सला ए मायनस.

स्प्रिंग २०२५ ला बारा आणि समरला सहा क्रेडिट करून ऑगस्ट २०२५ ला ए.एस. पूर्ण झाली. एकूण पास केलेले ६९, त्यातले उपयोगी ६०, वाया ९. जीपीए ३.६. सप्टेंबरपासून सरकारी युनिव्हर्सिटीत अकाउंटिंगला तिसऱ्या वर्षात, ज्युनियर म्हणून. युनिव्हर्सिटीने क्रेडिटचा जो कागद पाठवला तो तिने मला दाखवला, ओळीने सगळे विषय, आणि खाली एकूण साठ. करारात लिहिलंय तसंच.

मध्यंतरी शेजारची एक मुलगी विचारायला आली होती, नवीन लग्न होऊन आलेली, सांगलीची. वहिनीने तिला चहा दिला आणि कॉलेजच्या साइटवरून दोन्ही प्रोग्रामचे कागद प्रिंट करून हातात ठेवले. तीन प्रश्न विचारले : बी.कॉम. पूर्ण आहे का, पुढे बॅचलर्स किंवा मास्टर्स करायचं मनात थोडं तरी आहे का, आणि गणिताची भीती वाटते का. तिसऱ्याला मुलगी हो म्हणाली. वहिनी उठली आणि फ्रीजवरचं ते पान काढून तिला दाखवायला लागली, मग म्हणाली हे तुझ्यासाठी झेरॉक्स काढून देते, मूळ नाही देणार. सध्या वहिनीचं इंटरमीजिएट अकाउंटिंग चालू आहे, घसाऱ्याचा धडा. परवा रात्री परत फोन आला, अकरालाच, मला वाटलं काय झालं. म्हणाली काही नाही, सगळं जुळलं, म्हणून केला.